मनी ठिव

धुरपदाबाईनं दूध घातलं आणि जाता जाता म्हणाली, "म्हस आटाय लागलीया, आक्का. दिवाळीपातुर दूध न्हाय व्हायचं. मनी ठिवा." एवढं बोलून ती चरवी काखेत मारून निघूनही गेली. शिवगंगा दुधाचं पातेलं हातात धरून मागच्या ओसरीवर तशीच उभी राहिली. चार थोर घरांची मालकीण सकाळी सकाळी स्वतः दूध घेते, हे तिच्या हैदराबादच्या मैत्रिणींनी पाहिलं असतं तर तोंडाला रुमाल लावून हसल्या असत्या. पण निजाम पडून आठवडा झाला होता, गडीमाणसं आपापल्या गावी घरच्यांची खबर काढायला पांगली होती, आणि धाराशिवच्या या थोरल्या माडीत ती, तिचे चुलते महांतप्पा आणि एक म्हातारा पहारेकरी एवढेच उरले होते. मनी ठिवा. असं आता कोणी बोलत नाही. ध्यानात ठेवा म्हणतात, मनात ठेवा म्हणतात. धुरपदाबाई जात्यावरच्या ओव्यांतलं बोलणं पिठासारखं अंगाला लागलेलं तसंच बाहेर घेऊन येते, त्याला कोण काय करणार? म्हैस आटणार हे मनात ठेवायचं, दुसरा काही अर्थच होत नव्हता. आणि तरी शिवगंगाच्या कानांनी आधी दुसराच अर्थ घेतला होता. म्हैस आटली, घर ठेवा. या दोन अर्थांच्या मध्ये ती अडकली. पातेलं तिरकं होऊन दूध पायावर सांडलं. कोमट होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

या घराण्यात घराला घर म्हणत नसत, मनी म्हणत. मूळपुरुष आळंदच्या बाजूनं बैलांवर माल लादून आला, त्याच्याबरोबर आलेली कानडी पुढे पिढ्यापिढ्यांत झिजली, पण हा एक शब्द टिकला. मनी झाड. मनीला चल. मनीत कोण हाय? नाम कानडी आणि क्रियापद मराठी, असं ते बोलणं. कचेरीत गेलं की त्यावर उर्दूची कल्हई चढायची. तिचे वडील शरणबसप्पा तिन्ही भाषा एका वाक्यात घालत, आणि आपण तीन भाषा बोलतोय हे त्यांच्या गावीही नसे. कुणी हसलंच तर म्हणत, बैल कुठल्या भाषेत चालतो तेवढं सांगा, मग हसा. पण हेच वडील सकाळची लिंगपूजा आटोपली की मराठी पोथी मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायला बसत, आणि पोथीतले जनी, वनी, ध्यानी, मनी दिवसभर त्यांच्या जिभेवर रेंगाळत. म्हणजे त्यांच्या तोंडात मनी दोन होत्या. एक राहायची आणि एक आठवायची. इतकी साधी गोष्ट. आणि ती तिला आज सुचत होती, पायावर दूध सांडल्यावर, वडील जाऊन सात वर्षं झाल्यावर.

त्यांनी जीव सोडला तो तेरला. नदीकाठच्या हवेलीत, उन्हाळ्यात, तेरणेचं पात्र वाळूचं झालेलं असताना. धाराशिवचे डॉक्टर म्हणत होते हैदराबादला हलवा, तिथे आपला वाडा, देवडी आहे, मोठे हकीम आहेत. ते म्हणाले, न्हाय, तेरला न्या. दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे ओठ कोरडे पडलेले पाहून ती चांदीच्या फुलपात्रात पाणी आणायला गेली. परत आली तेव्हा महांतप्पाकाका उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होते, आणि वडील काहीतरी बोलत होते. ती उंबऱ्यावर पोचली तेव्हा तिला फक्त शेपूट ऐकू आलं. "...मनी ठिव." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या पाण्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. पुन्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवून माती दिली. हातात लिंग, कपाळाला भस्म, मांडी घातलेली. सभेला बसल्यासारखे दिसत होते, आता कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकून निवाडा देतील असे. त्यांना बसलेलं पाहूनच तिला रडू आवरलं होतं. मग काकांनी जमलेल्या भाऊबंदांना सांगितलं, आण्णांचा, माझ्या थोरल्या भावाचा, शेवटला शब्द गंगीला आहे, मनी ठिव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याची चार घरं आहेत तो मरताना घराबद्दलच बोलणार, त्यात शंका ती काय घ्यायची?

आणि तिनं ठेवली. एक नाही, चारही. धाराशिवची ही माडी, तेरची हवेली, अणदूरला खंडोबाच्या यात्रेपुरतं उघडायचं ते घर, आणि हैदराबादची देवडी. देवडी वडिलांनी एका बुडालेल्या नवाबाकडून झुंबरांसकट घेतली होती. तिथल्या दिवाणखान्यात लग्नाआधी तिनं दोन हिवाळे काढले. एक पारशी बाई इंग्रजी शिकवायला यायची, बुधवारी परदा लावून बेगमांच्या पार्ट्या व्हायच्या, बर्फ घातलेला फालुदा यायचा, आणि त्या मऊ मऊ बोलणाऱ्या बायका तिला कौतुकानं उस्मानाबादवाली म्हणायच्या. पाठीमागे काय म्हणायच्या ते तिला ठाऊक होतं. तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही, कारण झुंबर तिचं होतं. वडील गेल्यावर मात्र या घरांशी तिचं नातं बदललं. तिनं चारही घरांत दिवेलागणीला माणूस ठेवला. कोणी राहत नसलेल्या खोल्यांतून समया लागायच्या. कोणी न झोपलेल्या पलंगांवरच्या चादरी बदलल्या जायच्या. दसऱ्याला चारही घरांना चुना, चारही घरांना आंब्याचं तोरण. एका जहागीरदारानं देवडी भाड्यानं मागितली तर तिनं नाही म्हणून सांगितलं, कारण भाड्यानं दिलं तर ठेवलं कसं म्हणायचं? मोटारीत बसून ती एका घरातून दुसऱ्या घरात जायची, प्रत्येक ठिकाणी चारपाच रात्री झोपायची, आणि कुठेच तिला झोप लागायची नाही. लोक म्हणायचे, बाईला घराचं वेड आहे. काका म्हणायचे, वेड न्हाय, वचन हाय. तिलाही वचन हा शब्द आवडायचा. माणसाला कशाला तरी बांधून घ्यावंसं वाटतं, आणि तिला बांधून ठेवील असं दुसरं काही उरलं नव्हतं.

पातेलं तिनं चुलीजवळ ठेवलं. हात धुतले, पाय धुतले. धुताना मनातून एक गोष्ट पुढे येऊ बघत होती आणि ती तिला मागे ढकलत होती. पण गोष्टी अशा ढकलून मागे राहत नाहीत. बंडप्पा. काकांचा एकुलता मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, लहानपणी तिच्या परकराला धरून चालणारा आणि मोठेपणी तिच्याच मोटारीवर चालवायला शिकणारा. या उन्हाळ्यात रझाकारांचा जोर वाढला तशी माणसं सरहद्द ओलांडून बार्शीकडे निघाली. गाड्या जुंपून, भांडीकुंडी भरून, कोणी पायीच. काका आणि बंडप्पाही गेले. तिला म्हणाले, चल. तिनं सांगितलं, मला अप्पांनी घर ठेवायला सांगितलंय, मी दार ओढून घेऊन पळायची नाही. महिन्याभरानं बंडप्पा तिला न्यायला परत निघाला. बापाचं न ऐकता, एकटा. येडशीच्या अलीकडे त्याला रझाकारांनी गाठलं असं नंतर कळलं. प्रेत मिळालं नाही. म्हणजे त्याला बसवून माती देता आली नाही, आणि हे काकांना त्याच्या मरणापेक्षाही जास्त सलत होतं. काका तेव्हा परत आले आणि तेव्हापासून तिच्याजवळच राहत होते. तिला एका शब्दानं त्यांनी कधी दोष दिला नाही. देऊ शकत नव्हते, वचन पाळणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्यांच्या दुःखावर त्या एका शब्दाचं झाकण होतं, आणि तिच्याही.

काका सदरेवर तक्क्याला टेकून बसले होते. रस्त्यावरून पोरं झेंडे घेऊन ओरडत चालली होती. सोलापूरच्या बाजूनं हिंदी फौज नळदुर्गावरून पुढे गेली तेव्हा काकांनी साखर वाटली होती. मग खेड्यांतून दुसऱ्या बातम्या यायला लागल्या. कुठल्या गावात मुसलमानांच्या घरांचं काय झालं, कुठल्या विहिरीत काय सापडलं. त्या बातम्या काका मान खाली घालून ऐकत. तिला वाटायचं, त्यांना बरं वाटतंय आणि बरं वाटतंय याची लाजही वाटतेय. ती समोर जाऊन उभी राहिली. विचारावं की नाही हे ठरायच्या आधीच तिनं विचारलं, "काका, तेरला अप्पा शेवटचं बोलले, त्याच्या आधी काय म्हणाले होते?"

काकांनी वर पाहिलं. आता हे कशाला, असं विचारलं. ती म्हणाली, सहज. काका आठवू लागले, आणि म्हाताऱ्या माणसाला जुनं काही विचारलं की तो जसा खूश होतो तसे थोडे खूशही झाले. "आधी व्हय? बैलाचं. उन्ह लई हाय, जनावराला पाणी दावलं का म्हणून इचारले. म्या म्हणलं, दावतेत. तर म्हणले, आधी जनावराला, मग माणसाला. मनी ठिव."

ते अगदी सरळ बोलून गेले. आणि बोलल्यावर त्यांना ते ऐकू आलं. पंखा घालणारा हात हवेत थांबावा तसा त्यांचा चेहरा थांबला. शिवगंगाला हसू आलं. तिला हसायचं नव्हतं, पण ते आतून फुटलंच, आणि ती भिंतीला हात टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. चार घरं, चार दिवे, चुना, तोरणं, चादरी, सात वर्षांची जाग, आणि मुळात काय, तर बैलाचं पाणी. ती पाणी आणायला गेली, आणि ते म्हणाले होते, आधी बैलांना. बस. अप्पा असते तर तेही हसले असते, मांडीवर थाप मारून हसले असते. काका घाईनं म्हणाले, तसं नव्हे, घराचंच म्हणाले असतील, बैलाचं आधी आणि घराचं मागून. ती म्हणाली, असेल. मग दोघांनाही एकाच वेळी बंडप्पा आठवला, आणि दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही. हसू थांबलं. बाहेरच्या पोरांच्या घोषणा आत येऊन बसल्यासारख्या वाटल्या. शब्दाचं झाकण उडालं होतं आणि खालचं उघडं पडलं होतं. बंडप्पा एका चुकीच्या ऐकण्यापायी मेला होता. हे तिनं स्वतःशी पूर्ण वाक्यात म्हटलं, अर्धं नाही. तिला वाटलं होतं असं म्हटल्यावर आपण कोसळू. ती कोसळली नाही. ती वर गेली आणि खिडकीशी बसली.

खिडकीतून मागचं आवार दिसतं. तिथे जनावरांच्या हौदापाशी बायका होत्या. आधी तिला वाटलं, धुण्याला आलेल्या असतील. मग दिसलं की त्या ओंजळीनं हौदातलं पाणी पितायत, लेकरांना पाजतायत, आणि पिताना माडीकडे चोरून बघतायत. मागच्या फाटकाची कडी मोडलेली होती, तिथून शिरल्या असाव्यात. त्यांत एक बानूबाई होती. जवळच्या खेड्यातली मुसलमान मणेरीण. दर सणाला खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून यायची, ओसरीवर फतकल मारून बसायची, आणि गावभरच्या बातम्या बांगड्यांच्या भावात विकायची. आज तिच्या खांद्यावर काही नव्हतं. बांगड्या विकणाऱ्या बाईचे स्वतःचे हात मोकळे होते, आणि एका मनगटावर रक्त सुकलेलं होतं.

शिवगंगाला ते हात आपल्या हातांवर आठवले. नवरा गेला तेव्हा ती वीस वर्षांची होती. गुलबर्ग्याच्या मोठ्या पेढीवाल्यांचा मुलगा, वर्षही पुरं झालं नव्हतं, तापानं गेला. त्याचा चेहरा आता तिला नीट आठवत नाही आणि त्याबद्दल तिला वाईटही वाटत नाही. आठवतं ते पुढचं. माहेरी आल्यावर आळीतल्या बायका तिच्या बांगड्या फोडायला जमल्या, तेव्हा वडील दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, आमच्यात मेल्याचं सुतक न्हाय, बाईचा इटाळ न्हाय, मग बांगडीनं काय केलंय? आणि छकडा पाठवून त्यांनी बानूबाईला आणवलं. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. बानूबाईनं तिचा हात मांडीवर घेतला, बोटांचे सांधे दाबले, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून चढवल्या. शिवगंगाची मूठ घट्ट आवळलेली होती. बानूबाई तिला पुटपुटत म्हणाली होती, मूठ ढिली सोड, बाय. हात ढिला असला की बांगडी फुटत न्हाय. बानूबाईच्या डोळ्यांतून पाणी मनगटावर पडत होतं आणि त्या ओलीनंच बांगड्या सरकत होत्या. अख्ख्या जगात त्या दिवशी तिला हात लावणारी ती एकच बाई होती. हे आठवल्यावर शिवगंगा उठली.

काका जिन्याच्या तळाशीच उभे होते. त्यांनीही पाहिलं होतं. ते म्हणाले, पाणी प्यायलेत, जातील आता, तू खाली येऊ नको. ती म्हणाली, त्या आत येतायत. काकांनी तिला अडवलं नाही, पण बाजूलाही झाले नाहीत. घर पेटवतील, ते म्हणाले. गावात पोरं पेटलीयत, कापडवाल्याचा गुरुसिद्धप्पा त्यांचा म्होरक्या झालाय, काल मशिदीपुढं काय झालं ते ठाऊक आहे ना? मग त्यांचा आवाज फुटला. "माझ्या पोराला बसवून माती द्यायला मिळाली न्हाय, गंगे. आन तू ह्यांना मनीत घेतीस?"

ती शेवटची पायरी उतरली. "बंडप्पा माझ्यापायी आला होता, काका. ह्या बायांपायी न्हाय. राग धरायचा तर माझ्यावर धरा. म्या हितंच हाय."

काका तिच्याकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदा घरात उच्चारलं गेलं होतं, आणि ते तिनं उच्चारलं होतं. काका भिंतीला टेकले. ती त्यांच्या अंगावरून गेली, मागच्या आवारात गेली, आणि बानूबाईला म्हणाली, मागल्या दारानं नको, पुढून चला. बानूबाईला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. तिनं मराठीत, दख्खनीत, सगळ्या बोलींत विनवलं की बैलांच्या गोठ्यात पडून राहतो, कोणाला दिसणार नाही. शिवगंगानं ऐकलं नाही. चोरून आत घेतलेलं चोरूनच बाहेर काढावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळणार ते कळणारच होतं. भर दुपारी, बोळातून वळसा घालून, उघड्या रस्त्यानं तिनं त्या बायकालेकरांना माडीच्या थोरल्या दरवाजातून आत आणलं. समोरच्या दुकानांतले हात तराजूवर थांबले. ती पुढे चालत होती आणि तिची पाठ ताठ होती. बानूबाईचा नवरा कुठे आहे हे तिनं विचारलं नाही आणि बानूबाईनं सांगितलं नाही.

गावातली पोरं येणार हे ठरलेलंच होतं, म्हणून ती दिवेलागणीच्या आधी न्हायली. धुतलेलं लुगडं नेसली, कपाळाला भस्म लावलं, आणि थोरल्या दरवाजाच्या उंबऱ्यात पाट मांडून बसली. दरवाजा उघडाच ठेवला. गळ्यातल्या चांदीच्या चौकाच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि त्यावर नजर लावली. तिची पूजा म्हणजे रोजचं तोंड धुणं. वडिलांनी लावलेली सवय, त्याशिवाय अन्न घ्यायचं नाही म्हणून घाईघाईनं उरकायची. भक्ती वगैरे तिच्यात फारशी नव्हती, आणि आता संकटात ती एकदम उगवेल असंही तिला वाटत नव्हतं. पण हातावर लिंग असताना माणसाला हाक मारायची नाही, त्याला ओलांडायचं नाही, हे धाराशिवच्या बाजारात पोरसोरालाही ठाऊक होतं. येणाऱ्यांतले निम्मे तिच्याच जातीचे असणार होते, आणि उरलेले त्यांचे शेजारी. तिच्यापाशी बंदूक होती, वडिलांची, शिकारीची. ती तिनं बाहेर काढलीच नाही. बंदुकीला उत्तर असतं.

ते आले. मशाली होत्या, कुऱ्हाडी होत्या, काही हातांत नुसतीच दांडकी. गुरुसिद्धप्पा पुढे होता. कापडदुकानदाराचा मुलगा, लांबच्या नात्यानं तिचा भाचा लागायचा, लग्नाचा शालू तिनं त्याच्याच दुकानातून घेतला होता. हे सगळं तिला न बघता कळत होतं, कारण नजर लिंगावरून हलवायची नव्हती. काळ्याभोर गुळगुळीत दगडात मशालींचे ठिपके हलत होते. पावलं उंबऱ्यापाशी येऊन थांबली. कुणीतरी तिच्या नावानं हाक मारायला तोंड उघडलं आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावलं. मग नुसतं उभं राहणं. तिचा हात भरून येऊ लागला. कोपर दुखू लागलं, खांद्यात कळ गेली, आणि मग हात आपला नाहीच असं वाटू लागलं. मागून, घरातून, तिला श्वास ऐकू येत होता. एक लेकरू खोकलं, त्याच्या तोंडावर हात पडला. इतक्या वर्षांत या घरातून पहिल्यांदा माणसांचा श्वास येत होता आणि तिला तो पाठीवर उबेसारखा लागत होता. भीती होतीच. भीतीच्या खाली मात्र दुसरं काहीतरी होतं, घट्ट, जमिनीसारखं, आणि ती त्याच्यावर बसली होती. आपण इथून उठणार नाही, एवढंच तिला पक्कं माहीत होतं. बाकीचं काही ठरवायची गरजच उरली नव्हती.

काका तिच्या मागे, दरवाजाच्या आत उभे होते. गुरुसिद्धप्पानं त्यांना पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो अदबीनं म्हणाला, "काका, आमी बंडप्पादादासाठी आलोय. तुमी आक्काला सांगा. तुमचं ऐकतील."

मागे काकांचं पाऊल वाजलं. तिच्या मनात आलं, आता ते म्हणतील, गंगे, ऊठ. आणि ते म्हणाले तर आपण काय करू, हे तिला कळेना, कारण त्यांचा हक्क होता. त्यांच्याएवढा हक्क त्या रस्त्यावर कुणाचाच नव्हता.

"पूजा चाललीया," काका म्हणाले. "पूजेच्या मधी बोलत न्हाईत, गुरुसिद्धा. थांबा."

ते थांबले. थांबावंच लागलं. मशाली खाली आल्या, कुणी बिडी पेटवली, कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. थांबणं या कामात कोणी धरलेलंच नव्हतं. धावत येऊन करायचं होतं ते उभं राहून करायचं म्हटल्यावर ज्याला त्याला घर आठवू लागलं. मागचे आधी गेले. मग मधले. गुरुसिद्धप्पा सगळ्यांत शेवटी गेला, आणि जाताना तिच्या पाटापासून अंतर राखून वळला. तिनं लिंग चौकात ठेवलं तेव्हा डाव्या हाताची बोटं मिटेनात. बानूबाई आतून आली, काकांकडे न बघता खाली बसली, आणि तिच्या बोटांचे सांधे एकेक करून दाबत राहिली. काका तिथेच उभे होते. त्यांनी कंदील जरा खाली धरला, बानूबाईला दिसावं म्हणून.

पुढच्या दिवसांत माडी भरत गेली. या दरवाजातून आत घेतात, ही बातमी खेड्यापाड्यांत गेली होती. सदरेवर, ओसरीवर, मुदपाकखान्यात, सगळीकडे माणसं. ज्या पलंगांवर कोणी झोपत नसे त्यांवर आडवी आडवी लेकरं पसरलेली. भाकऱ्यांचं थापणं पहाटेपासून चालू. बायका रडत, भांडत, ज्वारी दळत, आणि मध्येच हसतही. शिवगंगा ओरडून ओरडून घोगरी झाली होती आणि तिला रात्री पडल्या पडल्या झोप लागत होती. काका तिच्याशी कामापुरतं बोलत. त्या बायकांशी बोलत नसत, पण धान्याच्या कोठीपाशी बसून माप मात्र तेच घालत, आणि शिगोशीग घालत.

एका दुपारी काका सदरेवरून तिच्याकडे आले तेव्हाच तिला कळलं की काहीतरी झालंय. तेरहून माणूस आला होता. हवेली रात्री पेटवली. हे इथलं ऐकूनच पेटवली, दुसरं कारण नाही. तुळया, कोरीव दारं, माडीची लाकडी गॅलरी, आण्णांचा पलंग, सगळं गेलं, नुसत्या भिंती उभ्या आहेत. एवढं सांगून काका खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागले. बंडप्पाच्या बातमीलाही ते असे तिच्यासमोर रडले नव्हते. शिवगंगाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या गॅलरीत बसून वडिलांनी तिला नदीतल्या बगळ्यांची नावं शिकवली होती, कानडीत आणि मराठीत. ते सगळं आठवून ती रडली, आणि रडता रडताच तिनं घाबरून विचारलं, "आत कोण होतं?"

काकांनी तोंड वर केलं. त्यांना प्रश्न कळला नाही. "आत? आत कोण असणार, गंगे? समई लावणारा बी रात्री घरी जातोय. कोणीच न्हवतं."

कोणीच नव्हतं. तिनं ते शब्द ऐकले आणि रडणं जागच्या जागी थांबलं. आवारात बानूबाई कुणाला तरी मोठ्यानं झापत होती. वरच्या मजल्यावर लेकरांची पळापळ चालली होती, छताची माती खाली पडत होती. पहारेकरी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की आणखी दोन गाड्या आल्यात, बायका आहेत, आजारी म्हातारा आहे, पण आत पाय ठेवायला जागा नाही, काय सांगू?

"तेवढी माणसं उतरून घे," ती म्हणाली. "गाड्या जुंपलेल्याच ठेव." मग ती काकांकडे वळली. "काका, अणदूरचं घर उघडावं लागंल. हितं मनी पुरंना झालीया."

काकांनी डोळे पुसले, उपरणं खांद्यावर नीट टाकलं, आणि भिंतीचा आधार घेत उठले. सदरेच्या टोकापर्यंत जाऊन ते थांबले, परत आले, आणि अणदूरच्या किल्लीसाठी त्यांनी तिच्यापुढे हात केला.